दुसऱ्या मजल्यावरचं पाचवं दार

लांब इमारत आणि तिच्यासमोर उभी माणसं, असा फोटो तुकड्यातुकड्यांनी काढून जोडायचा असेल तर कुठली लेन्स लावावी, असं मला हल्ली कुणी विचारलं तर मी लगेच उत्तर देत नाही. आधी विचारतो, माणसं किती वेळ उभी राहणार आहेत. मग विचारतो, फोटो कोणासाठी आहे. पहिला प्रश्न मला माझ्या सरांनी शिकवला. दुसरा मी घाटकोपरला शिकलो, आणि तो शिकताना जे झालं ते अजून माझ्या मागे आहे.

घाटकोपरच्या त्या इमारतीत मी कॉलेजची तीन वर्षं राहिलो. तळमजला आणि वर दोन मजले, प्रत्येक मजल्यावर आठ खोल्या, समोरून लांब सामाईक गॅलरी. जवळजवळ सगळी बिऱ्हाडं कोकणातली. जुनी माणसं गिरणीतली, पुढची पिढी कुरिअरमध्ये, बँकेत, हॉस्पिटलात. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील तालुक्याच्या एसटी डेपोत हेल्पर होते. मुंबईत कॉलेजला प्रवेश मिळाला तेव्हा राहायचं कुठे, हा प्रश्न आमच्या घरात आठ दिवस चालला होता. शेवटी आईच्या माहेरच्या गावची एक बाई घाटकोपरला एकटी राहते असं कळलं. तीच काकी. दुसऱ्या मजल्यावरची पाचवी खोली.

काकीने मला तिच्या मुलाची खाट दिली. मुलगा तेव्हा घरातून जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. बारावीचा निकाल लागला, वडिलांनी गॅलरीत सगळ्यांसमोर हात उचलला, आणि तो चपला घालून जिना उतरला तो परत आलाच नाही. वडील पुढे वारले, तेव्हाही नाही. हे काकीने मला पहिल्याच दिवशी एका दमात सांगितलं आणि पुन्हा कधी त्यावर बोलली नाही. फक्त जिन्यावर अनोळखी पाऊल वाजलं की तिचा हात थांबायचा. भाकरी तव्यावर असायची, हात हवेत. पाऊल पुढच्या खोलीकडे गेलं की भाकरी उलटायची. मी अभ्यास करतोय असं दाखवत ते पाहायचो. त्या खाटेवर मला तीन वर्षांत एकदाही निवांत झोप लागली नाही. तो दारात आला आणि त्याने मला आपल्या खाटेवर पाहिलं तर, असं वाटत राहायचं. मी पदवीधर झालो तो त्या खाटेवर, त्या बाईच्या हातचं खाऊन. हे मी कुठेही, कोणालाही सांगायला तयार आहे.

दोन वर्षांपूर्वी इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. महिनाअखेर सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. कमिटीच्या सेक्रेटरी काकांचा मला फोन आला. मी तोवर अंधेरीच्या एका स्टुडिओत कामाला लागलो होतो.

“एकच फोटो पाहिजे,” ते म्हणाले. “लांबलचक. प्रत्येक बिऱ्हाड आपापल्या दारात उभं. काम चालू असेपर्यंत गेटपाशी पत्र्यावर लावू, मग नव्या बिल्डिंगच्या लॉबीत. तू आपला पोरगा. नाही म्हणू नकोस.”

मी हो म्हणालो आणि काकीला भेटायला गेलो. तिच्या भाचीने दिंडोशीला भाड्याची खोली पाहून ठेवली होती. काकीला खोलीची काळजी नव्हती.

“तो इलो तर खय बघतलो माका?” ती म्हणाली. “त्याला ही एकच जागा माहीत. ती पण पाडतायत. फोटो गेटवर लावणार ना? मग त्यात माझं तोंड नीट दिसू दे. वीस वर्षांनी बघणाऱ्याला ओळखू येईल असं.”

“येईल काकी.”

“येईल म्हणू नको. करून दाखव, मेल्या.”

स्टुडिओच्या सरांनी मला त्यांचा मीडियम फॉरमॅट कॅमेरा रविवारपुरता दिला, कसलीही चौकशी न करता. त्याचा सेन्सर नेहमीच्या कॅमेऱ्यांपेक्षा बराच मोठा, त्यामुळे एका फ्रेममध्ये खूप बारकावा मावतो. सोबत तीन लेन्स दिल्या. तीसची, ऐंशीची आणि एकशेदहाची. आकडा जितका मोठा तितकी लेन्स दूरचं जवळ आणते, आणि तितकीच थोडी जागा पाहते.

फोटो समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून काढायचा होता, मध्ये साधारण साठ फुटांचं अंगण. तीसच्या लेन्सने सगळी इमारत एका फ्रेममध्ये यायची, पण चेहरे मोहरीएवढे, आणि कडेची माणसं ताणलेली. ऐंशीने कॅमेरा उभा धरला तर तिन्ही मजले एका उंचीत बसायचे. डावीकडून उजवीकडे सहा तुकडे, मिनिटभराचं काम. एकशेदहाने तिन्ही मजले एका वेळी मावत नव्हते. आधी वरची ओळ सात तुकड्यांची, मग कॅमेरा खाली झुकवून दुसरी सात तुकड्यांची. एकूण चौदा, आणि वेळ चार-साडेचार मिनिटं.

“ऐंशी लाव,” सर म्हणाले. “भिंत हलत नाही रे, माणूस हलतो. जितके तुकडे जास्त तितक्या फटी जास्त.”

सरांचं मी सगळं ऐकतो. त्या वेळी नाही ऐकलं.

रविवारी सकाळी सातला मी गच्चीवर ट्रायपॉड लावला. इमारतीचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे दहापर्यंत सगळीकडे सारखी सावली. कॅमेरा नुसता ट्रायपॉडवर फिरवून चालत नाही. तो लेन्सच्या आतल्या एका ठरावीक बिंदूभोवती फिरावा लागतो, नाहीतर गॅलरीचे गज आणि मागची दारं एकमेकांपासून सरकतात आणि जोड जुळत नाही. त्यासाठी कॅमेऱ्याखालची सरकती पट्टी मागेपुढे करून बसवण्यात अर्धा तास गेला. मग चेहरा किती दिसतो ते पाहायला मी तिन्ही लेन्सची चाचणी घेतली. माणूस मीच. लेन्स लावायची, कॅमेरा पाचव्या दारावर रोखायचा, खाली उतरून समोरचे दोन मजले चढायचे, दारात उभं राहायचं आणि मोबाइलवरून बटण दाबायचं. असं तीनदा. काकीच्या दाराला पडदा ओढलेला होता, आत ती साडी नेसत होती. बाकी गॅलरी रिकामी. सगळीच घरं नटण्यात गुंतलेली. पुरुषांनी पांढरे शर्ट घालायचे असं सेक्रेटरी काकांनी बजावलं होतं, म्हणून मीही पांढराच घातला होता.

परत गच्चीवर येऊन मी पडद्यावर मोठं करून पाहिलं. तीसवर मी कोणीही असू शकलो असतो. ऐंशीवर मला ओळखणाऱ्याने ओळखलं असतं. एकशेदहावर खिशातल्या पेनाची क्लिपसुद्धा दिसत होती. काकी म्हणाली होती, वीस वर्षांनी बघणाऱ्याला. मी एकशेदहा ठेवली. ऐंशी आणि तीसच्या चाचण्या पुसून टाकल्या. एकशेदहाची राहिली. का राहिली ते मला सांगता येत नाही. चांगली आली होती, एवढंच.

आठ वाजता चोवीस दारांत माणसं उभी राहिली. मी गच्चीवरून ओरडून सांगितलं, “पाच मिनिटं कोणी हलायचं नाही! इकडेच बघायचं!”

“पाच मिनिटं? पाय सुजतील रे,” पहिल्या मजल्यावरून एक मावशी ओरडल्या.

“कमिटीच्या मीटिंगला तीन तास बसता ना?” सेक्रेटरी काका खालून म्हणाले, आणि अख्खी इमारत हसली. ते हसू ओसरेपर्यंत मी थांबलो. मग वरची ओळ डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ. संपलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी वाकोल्याच्या माझ्या खोलीवर मी सगळा फोल्डर जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला दिला. हे सॉफ्टवेअर शेजारच्या फ्रेम एकमेकींवर ठेवतं, आणि जिथे दोन फ्रेममध्ये तोच भाग असतो तिथे कुठली घ्यायची ते स्वतः ठरवतं. जोड छान बसले, गज सरळ आले. सेक्रेटरी काकांचे तीन मिसकॉल होते, म्हणून एक लहान कॉपी त्यांना मोबाइलवर पाठवली आणि झोपलो. मोठं करून पाहायचं सकाळवर ठेवलं.

सकाळी त्यांचाच फोन.

“अरे, काकींनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले.”

“कशाचे?”

“त्यांचा मुलगा आला होता ना. काल. तुझ्या फोटोत आहे तो, त्यांच्या दारात. मी ग्रुपवर टाकला, कोणीतरी विचारलं हा पांढऱ्या शर्टवाला कोण, आणि मग सगळ्यांचं तेच सुरू झालं. आता म्हणतायत खोली सोडणार नाही. तो पुन्हा येईल म्हणतायत. महिनाअखेर चावी नाही दिली तर बिल्डर सगळ्यांना द्यायचं पर्यायी जागेचं भाडं अडवेल. तू जरा बघ.”

मी लॅपटॉप उघडला. दुसरा मजला, पाचवं दार. मोठं केलं. पडद्यासमोर मी उभा होतो. पांढरा शर्ट, खिशात पेन, हात बाजूला, नजर सरळ समोर. काकी कुठेच नव्हती. चाचणीची फ्रेम फोल्डरमध्ये राहिली होती, त्या दाराचा बरोबर मध्य तिच्यात होता, आणि सॉफ्टवेअरने तीच निवडली होती. शेजारच्या दोन्ही दारांशी जोड इतका बेमालूम होता की तो मी नसतो तर मलाही शंका आली नसती. सकाळचे साडेनऊ वाजले होते, खिडकीतून ऊन येत होतं, आणि मला स्वतःच्या चेहऱ्याची भीती वाटली. जणू त्या खाटेवरून मी कधी उठलोच नव्हतो. आणि तिला मी पुसलं होतं.

चूक दुरुस्त करणं सोपं होतं. चौथ्या आणि पाचव्या फ्रेममध्ये काकी होती, नीट उभी, चेहरा स्वच्छ. चाचणीची फ्रेम काढून पुन्हा जोडलं की झालं. सांगणं सोपं नव्हतं. लॅपटॉप घेऊन मी दुपारी घाटकोपरला गेलो.

काकीने खाटेवरची गादी गॅलरीत उन्हाला टाकली होती. मला पाहून ती हसली, आणि मग लगेच तिचा चेहरा बदलला.

“इलो होतो रे तो. आणि मी मेली आत.”

“आत?”

“तू हलू नको सांगितलं होतंस. मी हलले. कुकर लावला होता, चार शिट्ट्या झाल्या, जळेल म्हणून बंद करायला गेले. तेवढ्यात येऊन गेला असेल. वीस वर्षं या दारात बसले आणि चार शिट्ट्यांसाठी उठले.”

वाटेत मी ठरवून आलो होतो की हळूहळू सांगायचं. ते ऐकल्यावर हळूहळू सांगणं मला जमलं नाही.

“काकी, तो मी आहे.”

“तू समोर होतास, कॅमेऱ्यामागे. एक माणूस दोन्हीकडे कसा असेल?”

आत बसून मी सगळं सांगितलं. लेन्स, चाचणी, मोबाइलचं बटण. मग लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला आणि दार मोठं केलं. लहान कॉपीत जो पांढरा ठिपका होता त्याला नाक आलं, चष्मा आला, पेन आलं. मुद्दाम जास्त दिसावं म्हणून निवडलेली लेन्स होती ती. तिने काम चोख केलं होतं.

काकीची नजर माझ्यावरून मागे गेली.

“पडदा ओढलेला आहे,” ती म्हणाली. “मी साडी नेसत होते तेव्हा.”

“हो.”

“मग तो इलो नाय.”

“नाही, काकी.”

“कुकरच्या वेळी पण नाय? त्या वेळचं दाखव.”

मी फ्रेम एकेक करून पाहिल्या. वरच्या ओळीत ती होती. खालच्या ओळीत कॅमेरा झुकलेला, त्यात पहिला मजला आणि तळमजला. ती आत गेली ती त्याच दोन मिनिटांत. ऐंशीची लेन्स असती तर एकच ओळ, आणि शिट्ट्या होण्याआधी सगळं संपलं असतं.

“त्या वेळचं माझ्याकडे नाही,” मी म्हणालो. “कॅमेरा खाली होता.”

“म्हणजे तुला माहीत नाय.”

“पण गॅलरीत सगळे उभे होते, काकी. कोणी आलं असतं तर दिसलं असतं.”

“सगळे तुझ्याकडे बघत होते,” ती म्हणाली. “तूच सांगितलं होतंस.”

 

मी चाचणीची फ्रेम तिच्यासमोर काढून टाकली आणि पुन्हा जोडायला लावलं. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी हळूहळू भरत गेली. मग पाचव्या दारात काकी आली. हिरवी साडी, डोक्यावर पदर, ओठ घट्ट मिटलेले. तिच्या मागे उघड्या दारातला अंधार.

“बरी दिसते,” ती म्हणाली. मग बोट अंधारावर ठेवलं. “इथे काय आहे?”

“घर. खोली.”

“उजेड कर.”

मोठ्या सेन्सरच्या फोटोत काळ्या भागातही बरंच काही दडलेलं असतं, ते ओढून वर काढता येतं. मी थोडं उजळ केलं. खाटेचा पाय दिसला. अजून केलं. भिंतीवरचं कॅलेंडर, फळीवरचे डबे.

“अजून.”

कोपरा दिसला, त्यात गुंडाळलेली चटई. आम्ही दोघं त्याच खोलीत बसलो होतो, तीच खाट, तोच कोपरा, आणि तरी मी वळून मागे पाहिलं नाही.

“अजून कर.”

आता नुसते रंगीत कण उसळायला लागले, रेतीसारखे. त्यात कोणाचाही आकार पाहता आला असता. काकी लॅपटॉपच्या इतकी जवळ गेली की तिचा श्वास काचेवर उमटत होता.

“बस,” ती म्हणाली आणि उठली. ओट्याशी जाऊन तिने पाणी पिऊन घेतलं. पाठमोरीच म्हणाली, “ज्यांनी पेढे घेतलेत त्यांना मी सांगते. तू नको सांगू. आणि यापुढेही कधी माझ्याशी खोटं बोलू नको, बरं वाटावं म्हणून पण नाय.”

“नाही बोलणार.”

मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. “तुझी ती लेन्स,” ती म्हणाली, “तोंड दिसतं तिच्यात. पण तोंड बघून तो येईल खय? फोटोखाली दिंडोशीचा पत्ता लिही. आणि माझा मोबाइल नंबर. मोठ्या अक्षरात.”

तीन-तीन लेन्स घेऊन मी जे शोधत होतो ते हे होतं, आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सेक्रेटरी काका आधी नाही म्हणाले. एकीचा लिहिला तर सगळ्यांचा लिहावा लागेल. मग म्हणाले, मग सगळ्यांचाच लिही. फोटोखाली एक पांढरी पट्टी आली, प्रत्येक दाराची सरळ रेघ खाली आणून तिथे ते बिऱ्हाड कुठे गेलं ते. दिंडोशी, कुर्ला, मुलुंड, दोन जण गावाला. काकीने ठरल्या दिवशी चावी दिली.

फोटो आता दीड वर्ष गेटपाशी पत्र्यावर आहे. इमारत नाही, तिच्या जागी खड्डा, आणि खड्ड्यातून वर आलेले खांब. महिन्यातून एखाद्या रविवारी मी तिथे जातो, फोटोवरची धूळ पुसतो आणि तिथून दिंडोशीला काकीकडे. ती दर वेळी विचारते, “कोणी विचारलं?” मी नाही म्हणतो.

गेल्या महिन्यात वॉचमन मला म्हणाला, “साब, एक आदमी आया था. इधर इस कोने में खड़ा था, बहुत देर.” त्याने दाखवलेला कोपरा पाचव्या दाराच्या बाजूचा. पण त्या बाजूला आणखी नऊ-दहा दारं आहेत.

“कोण होता? वय किती?”

“होगा चालीस का. पचास का. पूछा तो चला गया.”

दिंडोशीला पोचेपर्यंत मी ठरवू शकलो नाही. पुन्हा एक अनोळखी माणूस तिच्या दारात उभा करायचा का, की गप्प राहायचं. गप्प राहिलो असतो तर ते खोटंच झालं असतं. काकीने दार उघडलं, मला चपला काढू दिल्या, आणि विचारलं.

“कोणी विचारलं?”

“विचारलं नाही. एक माणूस फोटोसमोर उभा होता, असं वॉचमन म्हणतो. कोण ते माहीत नाही, काकी. कोणीही असेल.”

“किती वेळ?”

“बराच वेळ म्हणाला.”

“नंबर लिहून घेतला त्याने?”

“ते वॉचमनने पाहिलं नाही.”

तिने मान हलवली. मला बसायला सांगितलं, फळीवरचा मोबाइल उचलून डोळ्यांजवळ धरून पाहिला, आणि चार्जिंगला लावला.